बोरखेडीच्या पुलावरची अनघा

मागच्या महिन्यात बोरखेडीला नव्या पुलाच्या पायाची आखणी होती. चुन्याच्या रेघा मारून झाल्या, नारळ फुटला, आणि बघायला जमलेल्या बायांपैकी एकीनं मला विचारलं, "त्या हासऱ्या मॅडम नाई आल्या काय?"

मी त्या गावात किती वर्षं जाते आहे. उन्हात, चिखलात, सणावारी. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, आदरानं कापसे मॅडम म्हणतात, खुर्ची पुसून देतात. पण विचारतात तिला. म्हणून म्हटलं, अनघा देशकरबद्दल एकदा लिहूनच टाकावं. आधीच सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. आता गेला असेल असं मधूनमधून वाटतं, आणि मग कुणीतरी असं काहीतरी विचारतं.

मी देवळीजवळच्या खेड्यातली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वर्ध्याच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले तेव्हा बाबांनी सबंध गावात पेढे वाटले होते. अनघा माझ्याच बॅचची, त्याच दिवशी हजर झाली. पिपरी मेघेला तिचं घर. वडील प्राध्यापक, आई शाळेत मुख्याध्यापिका, आजोबा ओव्हरसियर होते. तिच्या नोकरीचे पेढे कुणी वाटले नसावेत. तिच्या घरात नोकरी लागते, जशी आमच्याकडे तूर लागते.

आम्हा दोघींना एकच काम दिलं गेलं, बोरखेडीचा पूल. वर्धा जिल्हा म्हटला की लोकांना सपाट काळी जमीन दिसते. पण वर कारंज्याच्या अंगाला टेकड्या आहेत, संत्र्याच्या बागा आहेत, आणि त्यातली एक टेकडी चालते. वरून काळी माती, खाली मुरूम, आणि दोन्हींच्या मधे पिवळ्या चिकणमातीचा एक थर. पावसाचं पाणी मुरलं की तो थर साबणासारखा होतो आणि वरचा सगळा उतार अगदी सावकाश नदीकडे सरकतो. डोळ्यांना दिसत नाही. नदीवरच्या पुलाचं गावाकडचं टोक नेमकं त्याच उतारात रोवलेलं. म्हणजे टेकडी पुलाला ढकलत होती, आणि किती ढकलते ते आम्ही दर पंधरा दिवसांनी मोजायचं. पलीकडच्या काठावर, पक्क्या खडकावर, दुर्बिणीचं यंत्र लावायचं. गावाकडच्या उतारावर सिमेंटचे बुटके खांब रोवले होते. एकीनं त्यांच्यावर एकेक करून भिंगाची काठी धरायची, दुसरीनं यंत्रातून नेम धरून वाचायचं. यंत्रावर मी असायची. तिचा हात स्थिर नव्हता, आणि नजर तर मुळीच नव्हती.

कपड्यांची मी फार काळजी घेते. इस्त्रीचा ड्रेस, पॉलिश केलेले बूट. खेड्यातून आलेल्या बाईला गबाळं राहून चालत नाही. अनघा कुठंही बसायची, बांधावर, ओल्या मातीत, पुलाच्या कठड्यावर पाय सोडून. खिशात फुटाणे. बोलता बोलता समोरच्याच्या तळहातावर चार ठेवायची, मग तो मजूर असो की कार्यकारी अभियंता. दुसऱ्याचे पेन न्यायची आणि हरवायची. स्कूटीची किल्ली स्कूटीलाच राहायची. टेकडीला ती आजोबा म्हणायची. साइटवर उतरली की पहिलं वाक्य, "काय आजोबा, किती चाललात?" मग माझ्याकडे वळून, "बघू या, काय म्हणताहेत ते." मी यंत्राचे पाय रोवत असायची.

सुरुवातीलाच एकदा नागपूरहून मोठे साहेब पाहणीला आले. पुलावर उभे राहून त्यांनी विचारलं, हा अजून किती टिकेल. मी रात्रभर बसून तयारी केली होती. मोजमाप, सरासरी, उताराचा कोन, सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि अनघाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माहीत नाही सर. अजून एक पावसाळा बघितल्याशिवाय मला तरी सांगता येणार नाही." साहेब हसले. म्हणाले, प्रामाणिक पोरगी आहे. परतताना गाडीत तिला पुढं बसवलं.

हेच मी म्हटलं असतं तर? मला ठाऊक आहे, कारण नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एकदा म्हटलं होतं. तेव्हा दुसरे एक साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले होते, "कुठल्या कॉलेजच्या तुम्ही?" त्यानंतर 'माहीत नाही' हे शब्द मी ऑफिसात उच्चारले नाहीत. तिला ते परवडायचे. तीन पिढ्यांचं माहीत असलेलं तिच्या पाठीशी उभं होतं.

दुसरी गोष्ट भाषेची. मी होस्टेलवर चार वर्षं घासून घासून माझं 'मले-तुले' काढलं. फोनवर घरी बोलायचं तरी जिन्यात जाऊन बोलायची. आणि ही बाई बोरखेडीत जाऊन हौसेनं वऱ्हाडी शिकायला लागली. पुलाच्या तोंडाशी सीताबाईची चहाची टपरी आहे. सीताबाई तिची मास्तरीण. अनघा बोलायची ते धड नसायचंच. एकदा म्हणाली, "मी चहा पिऊन राह्यला." सीताबाईचा पदर तोंडात गेला. "पोरी, तू काय बाप्या हायेस काय? राह्यली म्हण." मग टपरीवरची सगळी माणसं तिला एकेक वाक्य म्हणायला लावायची आणि हसायची. मी तिथंच बाकावर बसून शुद्ध मराठीत चहात साखर कमी मागायची. तिला पोरी, मला मॅडम.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सीताबाई, मी पण इकडचीच आहे. देवळीची."

सीताबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असान वो मॅडम," ती म्हणाली. "पन वाटत नाई."

ज्यासाठी मी चार वर्षं घासलं होतं तेच तिनं मला दिलं, आणि मला ते नको होतं.

तिला मी एकदाच घरी नेलं. म्हणजे तीच आली. वडाभात खायचाय, तुझ्या आईच्या हातचा, म्हणून मागेच लागली. जेवून ती बाबांजवळ ओसरीत जमिनीवर बसली. बाबा अबोल माणूस. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे जेवली काय, गाडी किती वाजता. त्या दुपारी ते तिच्याशी दोन तास बोलले. तरुणपणी ते आणि काका मिळून विहीर खणत होते. एकदा बाबा खाली असताना वरून माती सुटायला लागली, आणि काकांनी दोर ओढेपर्यंत ते भिंतीला पाठ लावून कसे उभे होते, डोळे मिटले तर माती थांबेल असं त्यांना कसं वाटलं होतं. मी आतून भांडी आवरत ऐकत होते. मला बाबांच्या आयुष्यात अशी विहीर आहे हेच माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी म्हटलं, हे मले कधी सांगितलं नाई तुम्ही.

बाबा म्हणाले, "तू बसतं कुठी वो? तू आली का उभीच राह्यतं."

आता खांबाची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्या खांबावरूनच घडलं.

उतारावरचा आमचा तिसरा खांब गावाच्या वाटेवर होता. म्हशी त्याला अंग घासायच्या, पोरं त्यावरून उड्या मारायची, आणि त्याचं मोजमाप कधी धड यायचं नाही. पोळ्यानंतर आम्ही गेलो तर तो खांब शेंदरानं माखलेला. पुढ्यात नारळ, उदबत्ती, वर लाल कापडाची झेंडी. कुणाच्या तरी आजारी बैलाला तिथंच बरं वाटलं होतं म्हणे, आणि खांबाचं नाव पडलं होतं पुलदेव. मी भडकले. सरकारी खूण आहे ही, म्हटलं, आणि लोखंडी पातीनं शेंदूर खरवडायला बसले. माणसं जमली. कुणी ओरडलं नाही, पण कुणी हसतही नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरी देव नाई काय?"

अनघानं माझ्या हातातली पाती काढून घेतली. लोकांना म्हणाली, देव ठेवा. अंगभर शेंदूर लावा. फक्त डोक्यावर तळहाताएवढी जागा कोरी सोडा, तिथं आमचं काम असतं. "आन त्याले हलवू नका बरं," ती म्हणाली. "कोनीच हात नाई लावाचा."

लोकांनी दोन्ही शब्द पाळले. म्हशी दुसऱ्या वाटेनं जायला लागल्या, पोरं लांबून नमस्कार करायची, आणि आमच्या सगळ्या खांबांत मोजायला सर्वांत चोख खांब तोच झाला. वर्ध्याला परतताना मी नखांतला शेंदूर काढत होते. ती फुटाणे खात होती.

दोन पावसाळे असे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझे आकडे बिघडले. उतार पूर्वी वर्षाला जेवढा सरकायचा तेवढा आता महिन्या-दोन महिन्यांत सरकत होता. पुलाखालच्या भेगेवर आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, भेग वाढली की काच तडकते. त्या एकामागून एक तडकल्या. उन्हाळा संपायच्या आत पूल बंद करायला हवा होता. सकाळी त्यावरून एसटी जायची, आणि त्या एसटीत गावातली सगळी शाळकरी पोरं असायची.

आमच्या साहेबांनी हुकूम काढला, पुलाच्या दोन्ही तोंडांशी डांबराचे ड्रम उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ड्रम नदीत. पुन्हा उभे केले, पुन्हा नदीत. दुसरी वाट फार लांबून होती, पोरांना पहाटे उठावं लागलं असतं, संत्र्याच्या गाड्यांना दुप्पट भाडं. पण गावकरी हे कारण सांगतच नव्हते. ते सांगत होते, पुलाला काही होत नाही. पुलदेव बसला आहे ना तिथं. त्यानं टेकडी धरली आहे.

"बाईनंच तं बसवला," सीताबाई म्हणाली. "आता बाईच भ्याली काय?"

अनघाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती बाकावर बसली आणि चहा तसाच गार झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्या टपरीवर बरं वाटलं. तिचा सगळा गोडवा तिच्यावरच उलटला होता, आणि माझी पाती बरोबर होती.

पण एसटी रोज जात होती. सकाळी ऑफिसला निघताना घड्याळ बघितलं की मला ती पोरं दिसायची. आणि अनघा तर आता आजोबा हा शब्दही काढत नव्हती. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली. "तिसरा खांब किती सरकलाय? शेंदूर लागल्यापासून धरून."

मी आकडे काढून दाखवले. चार बोटं भरतील एवढा, सरळ नदीच्या दिशेनं. तिनं आपली चार बोटं टेबलावर ठेवून बघितली आणि ती म्हणाली, ग्रामसभा बोलवू या.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. आधी मी बोलले. मोठा तक्ता नेला होता, लाल रेघ, निळी रेघ. माणसांनी ऐकून घेतलं. मागून एकजण म्हणाला, "मॅडम पेपर वाचून राह्यल्या की समजावून राह्यल्या?" हशा झाला. मी बसले.

अनघा उठली नाही. बायांच्या घोळक्यात बसली होती, तिथूनच बोलली. नेहमीचं हसू नव्हतं.

"तुमी पुलदेवाले शेंदूर लावला त्या दिवसापासून या कापसे मॅडम त्याले मोजून राह्यल्या. उन्हात, पान्यात. एकही पाळी चुकली नाई त्यांची. मी तुमाले म्हटलं होतं, त्याले हलवू नका. तुमी नाई हलवला. कोनी बोट नाई लावलं, मले माहीत हाये. तरी तो चार बोटं नदीकडे गेला. तो त्याच्या मनानं निघाला."

एक लहान मूल रडत होतं, त्याला आईनं छातीशी धरलं.

मग सीताबाई बोलली, कुणाकडेही न बघता. "देवच निघाला म्हन्ते पोरगी. मंग आपुन कायच्या भरोशावर बसलो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर पुलाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग. गावानंच रचलेला. एसटी पलीकडच्या काठावर थांबून माघारी वळत होती.

परतताना गाडीत मी तिच्याशी भांडले. म्हटलं, हे काय इंजिनिअरिंग आहे? माणसांना देवाची भीती घालायची? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्यात एक तरी वाक्य खोटं होतं का गं?"

नव्हतं. तेच तर होतं. आकडे माझे होते, दोन वर्षांचे, एकही पाळी न चुकवता घेतलेले. पूल बंद झाला तो तिच्या वाक्यानं.

श्रावणात एका दुपारी पुलाचं गावाकडचं टोक हातभर खचलं आणि पहिला गाळा, म्हणजे पुलाचा त्या बाजूचा पहिला तुकडा, तिरपा होऊन खाली टेकला. वर कुणी नव्हतं. एसटीच्या वेळी असतं तर, हे गावात कुणी मोठ्यानं बोललं नाही. गणपतीत त्यांनी आमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ. माइकवरून पुकारलं, देशकर मॅडम आणि त्यांच्या सोबतच्या मॅडम. अनघानं माइक हिसकावून घेतल्यासारखा घेतला आणि म्हणाली, मोजमाप सगळं कापसे मॅडमचं, मी फक्त काठी धरली. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या तिच्या मोठेपणाला होत्या. माझी शाल मी आईला दिली, तिला ती फार आवडली.

आणि मग तिनं नोकरी सोडली. पहाड घसरण्यावरच पुढचं शिकायचं म्हणून उत्तराखंडात प्रवेश घेतला. तिचा नवरा पुण्यात शिकवतो, तो म्हणाला जा. सरकारी नोकरी सोडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ती मिळवायला आयुष्य जातं. आईला मी हे सांगितलं तर तिनं विचारलं, काही दुखणंबिखणं निघालं काय बिचारीले?

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, एकदा साइटवर येते, आजची काठी मी धरते. पूल खचला तरी मोजणं थांबलेलं नव्हतं, उतार अजून सरकतच होता. मी पलीकडच्या खडकावर यंत्र लावलं. ती मोठा वळसा घालून गावाकडून उतारावर गेली. पहिले दोन खांब झाले. तिसऱ्याशी पोचेपर्यंत गावातल्या बाया तिला शोधत आल्या होत्या. नदीच्या या बाजूला मला ऐकू काही येत नव्हतं. दुर्बिणीतून दिसत मात्र सगळं होतं, अगदी तिच्या कपाळावरचा घामसुद्धा.

काठी धरली की हलायचं नसतं. काठीला एक छोटा पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधोमध ठेवून श्वास रोखल्यासारखं उभं राहायचं. ती तशी उभी होती. सीताबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ओढणीचा पदर तिच्याच कमरेला खोचून झोळी केली आणि ओटी भरायला सुरुवात केली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, दोन संत्री. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. एकीनं भरली की दुसरी. अनघाचे दोन्ही हात काठीवर, त्यामुळं तिला ना ओटी धरता येत होती ना वाकून पाया पडता येत होतं. ती हसत होती, आणि हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं, तेही तिला पुसता येईना. सीताबाईनं आपल्या पदरानं पुसलं.

मी त्या गावात त्यानंतरही जाणार होते. पुढच्या पंधरवड्याला, त्याच्या पुढच्या पंधरवड्याला. माझी ओटी भरायचं त्यांच्या मनात कशाला येईल? ती जाणाऱ्या लेकीची भरतात.

तिची नजर माझ्याकडे लागली होती. माझ्याकडे म्हणजे यंत्राकडे. वाचून झालं की यंत्रावरचं माणूस हात वर करतं, मग काठीवाल्यानं हलायचं. आमच्या कामात अशी रीत आहे. आकडा केव्हाच आला होता. बुडबुडा एवढ्या गर्दीतही मधोमध होता, पहिल्यांदाच इतका स्थिर हात तिचा. मी दुर्बिणीला डोळा लावून तशीच उभी राहिले. शेवटच्या बाईनं ओटी भरली, बाया बाजूला झाल्या, उतारावर ती एकटी राहिली, लाल खांबाशी, ओढणीत नारळ घेऊन, वाट बघत.

मग मी हात वर केला.